पाणी समुद्रापर्यंत पोचवायची समिती

नदीच्या मुखाशी गाळ साठतो, कारण तो काढायचा कोणी हेच ठरत नाही. आमच्या वर्गाच्या डेल्टाचे किस्से तसेच साठले आहेत. मधल्या सुट्टीत अरीबा एक सांगते, देवांश त्यावर दुसरा टाकतो, आणि प्रत्येक किश्श्याच्या शेवटी मी काहीही न बोलता उभी असते. म्हटलं, आपणच लिहून टाकावेत. लिहिताना निदान कोणी "ज़ोर से बोलो" म्हणत नाही.

तर शाळेच्या प्रदर्शनासाठी आमच्या नववी-अ ने डेल्टाचं, म्हणजे पुस्तकातल्या त्रिभुज प्रदेशाचं, मॉडेल करायचं होतं. नुसतं मॉडेल नाही. सरकारची वेगवेगळी खाती आणि गावची पंचायत मिळून डेल्टा कसा सांभाळतात, ते आम्ही स्वतः ती खाती होऊन दाखवायचं. देवांश सिंचन खातं, धरण त्याचं. अरीबा वनखातं, किनाऱ्याजवळचं खारफुटीचं जंगल तिचं. तान्या ग्रामपंचायत, म्हणून गाव आणि त्यापुढचा समुद्र तिच्याकडे. भूगोलाच्या शुक्ला मॅमनी दोन अटी घातल्या. पाहुण्यांसमोर पाणी समुद्रापर्यंत पोचलं पाहिजे, आणि समन्वयकाने त्यांना सगळं समजावून सांगितलं पाहिजे. जमलं तर आंतरशालेय स्पर्धेला आम्ही जाणार, नाही जमलं तर नववी-ब आणि त्यांचा ज्वालामुखी.

"समन्वयक कौन बनेगा?" मॅमनी विचारलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. मी बाकाच्या खिळ्याकडे बघत होते.

"जो इतने शोर में भी चुप है, वही सबको सँभालेगी," मॅम म्हणाल्या.

मला हरकत घ्यायची होती. पण हरकत घ्यायला बोलावं लागतं.

*

माझ्या निवडीला आणखी एक कारण आहे, असं देवांशने शोधून काढलं. "सायली तो महाराष्ट्र की है. इनके यहाँ तो समुंदर है."

आम्ही मूळचे अकोल्याचे, बाबांच्या बदलीमुळे इकडे उत्तरेत आलेले. अकोल्याला समुद्र इथल्या अलीगंजइतकाच आहे. मी तो एकदाच पाहिलाय, आत्याच्या लग्नाला जाताना टॅक्सीच्या खिडकीतून, आणि तेव्हा मला मळमळत होतं. पण वर्गात बाकी कोणी तेवढाही पाहिला नव्हता. मी तज्ज्ञ ठरले.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेत इंजिनिअर आहेत. ते म्हणाले, "अगं, पण आपल्याकडच्या ज्या नद्या पश्चिमेला जातात त्यांना डेल्टा नसतोच. खाड्या असतात."

"मग मी काय करू?"

"कोणी विचारलं तर सांग."

कोणी विचारलं नाही.

*

बैठक कशी घ्यायची हेही मला घरीच शिकवण्यात आलं. बाबा म्हणाले, "काय ठरलं ते बैठकीआधीच लिहून ने. नंतर कोणालाही आठवत नाही." आई बँकेत आहे. तिचं म्हणणं, "खायला ठेव काहीतरी. तोंडात घास असला की माणूस नाही म्हणत नाही."

मी दोन्ही केलं. 'सर्व खात्यांनी आपापला भाग एकाच मापाने करावा, सर्वानुमते मंजूर,' असं हिंदीत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि डबाभर चिवडा घेतला. वाचायला उभी राहिले, पण पहिल्याच शब्दाला परत बसले. म्हणून कागद फिरवायला दिला. एका बाजूने कागद फिरत होता, दुसऱ्या बाजूने चिवडा. चिवडा संपला तेव्हा कागद परत आला. सगळ्यांनी त्याला बोटं पुसली होती.

"मीटिंग बढ़िया थी, यार," तान्या म्हणाली. "अगली कब है?"

*

भाग ज्याच्या त्याच्या घरी तयार झाले. धरण विकास नगरला, जंगल अलीगंजला, आणि समुद्र सरोजिनी नगरला. समुद्र म्हणजे निळा रंग दिलेला मोठा उथळ ट्रे आणि त्याच्या काठाला चिकटवलेलं पुठ्ठ्याचं गाव. तो आणायला समन्वयक म्हणून मला जावं लागलं. ऑटोत तान्या आणि मी तो मांडीवर घेऊन बसलो.

"ये क्या है, बिटिया?" ऑटोवाल्या भैयांनी विचारलं.

"समुंदर है, भैया," तान्या म्हणाली.

त्यांनी आरशातून नीट बघितलं. "सीट पर टपकेगा तो नहीं?"

"नहीं, अभी सूखा है."

"अच्छा, तब ठीक है," ते म्हणाले आणि कानपूर रोडवरचा एकही खड्डा त्यांनी सोडला नाही. शाळेत उतरलो तेव्हा अर्धी घरं ट्रेच्या तळाशी होती आणि किनाऱ्याची वाळू माझ्या स्कर्टला.

तान्याने आत बघून उसासा टाकला. "बाढ़ तो आई नहीं, गाँव पहले ही बह गया."

*

तिन्ही भाग एका टेबलावर ठेवले तेव्हा माझ्या बैठकीचा परिणाम दिसला. गाव नदीपेक्षा चार बोटं उंच होतं.

"हमारा गाँव बाढ़ से सुरक्षित है," तान्याने जाहीर केलं.

"पानी से भी," देवांश म्हणाला.

ग्रंथालयातले जुने ॲटलास धरणाखाली रचले आणि पाणी सोडून पाहिलं. ते झुळझुळत जंगलात शिरलं आणि पुढे आलंच नाही. आम्ही वाकून बघितलं. अरीबाच्या नानींनी सगळी खारफुटी लोकरीने विणून दिली होती. झाडं भिजून जाड झाली होती आणि तृप्त दिसत होती.

"तुम्हारा जंगल सारा पानी पी गया," देवांश म्हणाला.

अरीबाने अजिबात वाईट वाटून घेतलं नाही. "जंगल का काम ही यही है."

मॅम मागून ऐकत होत्या. त्यांनी या उत्तराला शाबासकी दिली. पाणी अडवणारीचं कौतुक झालं आणि पाणी का पोचलं नाही हे मला विचारण्यात आलं. मी खिळा शोधत होते, पण त्या टेबलाला खिळा नव्हता.

*

झाडांचं पिऊन झालं तेव्हा पाणी पुढे आलं, मग फटीचा प्रश्न आला. जंगल आणि गाव यांच्या मधल्या फटीतून पाणी गळायचं. फट कोणाच्या हद्दीत? अरीबाचं जंगल तिच्या कडेला संपत होतं आणि तान्याचं गाव तिच्या कडेला सुरू होत होतं. मधलं कोणाचंच नव्हतं, म्हणजे समन्वयकाचं.

उपाय अरीबानेच सांगितला. त्यांच्याकडे दम द्यायच्या हंडीचं झाकण कणकेने बंद करतात, वाफसुद्धा बाहेर जात नाही. मी घरून कणकेचा गोळा आणला आणि फट छान लिंपली. वर्गात पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी घट्ट झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्यांची रांग होती.

"वन्यजीव हैं, वन विभाग देखे," तान्या म्हणाली.

"वन्यजीव वन में होते हैं," अरीबा म्हणाली. "ये आपके गाँव में घूम रही हैं."

"गाँव की नहीं हैं. बाहर से आई हैं."

देवांश म्हणाला, "हम पानी छोड़ दें?" त्या एका वाक्याने दोघींची एकजूट झाली. दोघी त्याच्यावर ओरडल्या. इतका चांगला समन्वय मला कधीच साधला नव्हता. मी गुपचूप फुंकर मारून मुंग्या काढत बसले.

*

खरी भीती भाषणाची होती. वर्गात मी "प्रेज़ेंट, मैम" एवढंच बोलते, आणि घसा बसला असेल तर तेही अरीबा बोलते. माझ्यामुळे सगळ्यांची मेहनत ज्वालामुखीच्या घशात जाणार, असं मी घरी सांगितलं.

आईने युक्ती काढली. "मी कुकर लावते. तीन शिट्ट्या होईपर्यंत बोलत राहा. तेवढंच लागतं."

मी ओट्याशी उभी राहून बोलले. एकही शिट्टी झाली नाही.

"थांबलीस का?"

"संपलं."

आईने कुकरकडे बघितलं. "अगं, डाळ तरी शिजू दे."

*

प्रदर्शनाला जे पाहुणे आले ते सिंचन खात्यातून निवृत्त झालेले साहेब होते. पूर्वेकडच्या कुठल्याशा डेल्टाच्या समन्वय समितीवर त्यांची निम्मी नोकरी गेली, असं मॅमनी सांगितलं. ते टेबलाशी आले. "हाँ भई, पानी छोड़िए."

देवांशने धरणाच्या दारावर हात ठेवला आणि तान्याकडे बघितलं. "पहले पंचायत हाँ कहे. गाँव डूबा तो नाम हमारा आएगा."

हे आम्ही बसवलेलं नव्हतं.

"हमें तो पानी चाहिए," तान्या म्हणाली. "पर जंगल से पूछ लीजिए, रास्ता उधर से है."

"जंगल को कोई एतराज़ नहीं," अरीबा म्हणाली. "बस, धीरे छोड़ा जाए."

"धीरे माने कितना?"

"वो तो सिंचाई वाले बताएँगे."

साहेबांनी एक खुर्ची ओढली आणि बसले. आता ते पाहुण्यासारखे दिसत नव्हते. "पिछली बैठक में क्या तय हुआ था?"

"यही, सर," देवांश म्हणाला.

साहेबांनी ओळखीचं काही ऐकल्यासारखी मान हलवली. शेजारच्या टेबलावर ज्वालामुखी व्यवस्थित धूर काढत होता. मॅम माझ्याकडे बघत होत्या. मग साहेबही वळले. "समन्वयक क्या कहती हैं?"

माझं भाषण 'आदरणीय अतिथि' असं सुरू होत होतं. त्यातला 'आ' आला. पुढचं काही आलं नाही. तोंड तसंच उघडं राहिलं आणि सगळे त्यात बघत राहिले.

धरणात ओतायचा पाण्याचा मग टेबलावर भरून ठेवला होता. मी तो उचलला. धरणाजवळून गेले, जंगलाजवळून गेले, गावाला वळसा घातला आणि सगळं पाणी सरळ समुद्रात ओतलं.

समुद्रात छोट्या लाटा उठल्या आणि शांत झाल्या.

"ये किससे पूछकर किया?" साहेबांनी विचारलं.

"किसी से नहीं, सर."

माझं भाषण एवढंच झालं.

साहेब उठले. मॅमना म्हणाले, "इन्हीं को आगे भेजिए." ज्वालामुखीकडे जायला निघाले, आणि अर्ध्यातून परत आले. चष्मा काढून समुद्रावर वाकले, आणि आमच्यापैकी कोणालाही उद्देशून नाही असं हळूच म्हणाले, "हम लोगों को तो कभी सूझा ही नहीं."