मुंबईच्या पार्सलमधली माझी खूण

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणारा कुणी भेटला, की मी त्याला एकच विचारायचो — बोल्ट कुठला ढिला होता? आयुष्यभर फिटरकाम केलं. गाडीत आवाज आला तर त्याला कारण असतं आणि ते कारण पान्याच्या आवाक्यातलं असतं, हा माझा सरळ समज. बायको अमावास्येला दारात लिंबू-मिरची बांधायची आणि मी तिची थट्टा करायचो. आजही माझा या गोष्टींवर विश्वास नाही. फक्त एका प्रसंगातला ढिला बोल्ट मला कधी सापडला नाही, म्हणून या सदराकडे लिहून पाठवतोय. छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

काळ निजामाच्या राज्याचा, अगदी शेवटचा. मोठी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. परभणी जिल्ह्यातल्या सेलूला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमच्या मालकांची जिनिंग फॅक्टरी होती. बॉयलरच्या मागे पत्र्याची एक लांबट शेड होती. जिनिंगची मशिनं आणि मालकांची मोटार, दोन्हींची दुरुस्ती तिथेच व्हायची. शेडमध्ये आम्ही दोघंच — इब्राहीम उस्ताद आणि त्यांच्या हाताखाली मी. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा. उस्तादांचे डोळे मोतीबिंदूने जवळपास गेलेले. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. पण त्यांनी अंगठा फिरवला की लोखंडातली केसाएवढी चीर सापडायची. मालकांनी त्यांना जुना माणूस म्हणून ठेवून घेतलं होतं.

मोटार म्हणजे मालकांची तरुणपणची हौस. विलायती, दोन सीटांची, लांब नाकाची, वर कापडी छप्पर, रंग गर्द हिरवा. शर्यतीच्या गाड्या असतात त्या जातीची. बारा-तेरा वर्षांची झाली होती आणि कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. चालवायचे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, रंगनाथ. माणूस लाखात एक, पण 'हळू' हा शब्द त्यांच्या कानावरून कधी गेला नसावा. बहिणीचं पोर तेव्हा नुकतं बसायला लागलं होतं.

मालकांनी गाडी विकायची ठरवली. हैदराबादचे एक साहेब रविवारी बघायला येणार होते. दाजींनी त्यांना शेजारी बसवून पाथरीच्या रस्त्याला गाडी पुरती पळवून दाखवायची, असं ठरलं. त्याआधी उस्तादांनी गाडी खालून तपासायला घेतली. एकेका भागावर छोट्या हातोडीने ठोकत ते कान देऊन ऐकायचे. ड्रॉप आर्मवर ठोकलं आणि थांबले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं ज्या वीतभर लोखंडी दांड्यामुळे वळतात, तो ड्रॉप आर्म. तो चालत्या गाडीत तुटला तर स्टिअरिंग नुसतं गरगर फिरतं आणि गाडी जायचं तिथे जाते. आमच्या आर्मला मुळाशी चीर गेली होती.

नवा कुठून आणायचा? कंपनीचा मिळणं शक्य नव्हतं. जुना सांधायचं मी सुचवलं तर उस्ताद म्हणाले, सांधलेली जागा पुन्हा तिथेच उघडते. परभणीच्या एका गॅरेजात दुसऱ्या गाडीचा काढलेला आर्म मिळाला, तो अर्ध्या बोटाने आखूड निघाला. अर्ध्या बोटाने काय होतं असं तुम्हाला वाटेल, पण तेवढ्याने चाक पुरतं वळत नाही. शेवटी उस्तादांनी मोडक्या लॉरीच्या अ‍ॅक्सलचा तुकडा भट्टीत तापवून त्याचा आर्म घडवायला घेतला. घण मी मारायचो, चिमट्यात लोखंड धरून वळवायचे ते. तीन दिवस लागले. आर्म झाला, पण दिसायला काळा आणि ओबडधोबड. मालकांनी तो पाहून तोंड वाकडं केलं. त्यांनी त्याआधीच आपल्या आडत्याकडून मुंबईला निरोप धाडला होता. तिथे बंद पडलेल्या गाड्यांच्या पार्टांची हुबेहूब नक्कल करणारे होते.

खरं सांगायचं तर मलाही मुंबईचाच आर्म हवा होता. तरुण वय… चकाकीवर जीव जायचा.

आता आमच्या शेडची एक रीत सांगायला हवी. कुठलाही पार्ट बसवला की गाडी आधी दहा-बारा मैल चालवायची, पुन्हा पार्ट उघडून बघायचा, आणि सगळं ठीक असेल तरच बसवणाऱ्याने त्यावर छिन्नीने आपली खूण करायची. खूण म्हणजे, हा चालवून पाहिलाय आणि याचा जिम्मा माझा. त्या काळी आमच्याकडच्या बहुतेक वर्कशॉपांत असं काही ना काही असायचं. माझी खूण तीन रेघांची. मी डावखुरा, त्यामुळे रेघा उलट्या बाजूला कलायच्या आणि तिसरी नेहमी जरा लांब जायची. उस्ताद त्यावरून माझी चेष्टा करायचे.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने पार्सल आलं. कापडात शिवलेलं, शिवणीवर लाखेच्या मोहोरा. मोहोरा शाबूत होत्या, मी स्वतः पाहिल्या. दाजी बाजूला उभे, उस्ताद बाकावर. मी शिवण उसवली. आत तेलकट कागदाचे तीन वेढे, त्याखाली आर्म. नवाकोरा, वर काळा चकचकीत रंग. हातात घेऊन उलटा केला.

पाठीवर तीन रेघा होत्या. उलट्या कललेल्या. तिसरी लांब.

मी आर्म उस्तादांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"ये तो तेरा हाथ है," ते म्हणाले. "कब किया रे?"

"उस्ताद, मी आत्ता तर खोललं."

मग त्यांनी आर्मच्या चौकोनी भोकात करंगळी घातली. आमच्या गाडीच्या ज्या दांडीवर हा आर्म बसतो, तिच्या चार कोपऱ्यांपैकी एकाचा फार पूर्वी टवका उडाला होता. त्यामुळे तिच्यावर चाललेल्या आर्मचे तीन कोपरे आतून घासले जायचे आणि चौथा कोरा राहायचा. उस्तादांनी करंगळी बाहेर काढली आणि मला बघायला सांगितलं. मी भोक उजेडाकडे धरलं. तीन कोपरे आरशासारखे झालेले, चौथा कोरा.

म्हणजे हा आर्म आमच्या गाडीवर चालला होता. बराच चालला होता. आणि तो सेलूत येऊन एक तासही झाला नव्हता.

दाजी हसले. "वापरलेला माल गळ्यात मारला व्हय मुंबईवाल्यानं." उस्तादांनी आर्म टांगून हातोडीने वाजवला. आवाज स्वच्छ आला, खोट काही नाही. तरीही ते म्हणाले, "नक्को. नक्को लगा इसको."

मी जाऊन मालकांना जसं घडलं तसं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सदा, मला येडा समजायलास का? तुज्या उस्तादाचा आर्म बसावा म्हणून तूच छिन्नी मारली. मुंबईचा बसव. पुन्हा असली नाटकं केलीत तर तू आन् उस्ताद दोघंबी घरी."

राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. त्यांच्या म्हणण्यात काही चूक काढता येत नव्हती, एवढंच की ते खरं नव्हतं.

शेडमध्ये परत आलो. दोन्ही आर्म बाकावर शेजारी शेजारी पडलेले. घरी जायची भीती उस्तादांना होती, मला तेवढी नव्हती. मला कुठेही काम मिळालं असतं. त्या डोळ्यांनी उस्ताद कुठे जाणार? आणि इकडे रविवारी स्टिअरिंगवर माझ्या बहिणीचा नवरा. शेवटी दाजींनीच तोड काढली.

"हे बग, तुज्या खुणेचं मला कायबी कळत न्हाई. पर हा घरचा तुमी दोघांनी माज्या डोळ्यांदेखत घडवला. त्योच लाव. वरून रंग मार. मालक काय गाडीखाली निजायला यायलेत?"

तसंच केलं. उस्तादांच्या आर्मला कानशीने गुळगुळीत केलं, काळा चकचकीत रंग दिला आणि बसवला. मुंबईचा तेलकट कागदात गुंडाळून खिळ्यांच्या डब्यात ठेवला. शनिवारी गाडी दहा-बारा मैल चालवली, आर्म उघडून पाहिला आणि त्यावर माझ्या तीन रेघा मारल्या. या वेळी कधी मारल्या ते मला पक्कं ठाऊक आहे.

रविवारी सकाळी साहेब आले. तिशीतला, हसतमुख माणूस. शेडमध्ये येऊन त्यांनी मला नाव विचारलं आणि माझा तेलाने बरबटलेला हात हातात घेतला. मालकांनी कधी घेतला नव्हता. मग ते आणि दाजी गाडीत बसून निघाले. पाऊण तासाने परत आले तेव्हा दोघंही धुळीने पांढरे झाले होते आणि साहेब लहान पोरासारखे हसत होते. मुलीला यात बसवून रोज फिरवणार म्हणाले. दाजी गाडीतून उतरले, त्यांनी मला डोळा मारला. मी बॉयलरमागे गेलो आणि चक्क रडलो.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला लिहिली नसती.

सोमवारी गाडी न्यायला साहेबांचा हैदराबादचा मिस्त्री आला. जाणता माणूस होता. चटई टाकून गाडीखाली शिरला आणि थोड्या वेळाने त्याने मालकांना हाक मारली. रंगाखाली घणाचे ठोके त्याला दिसले होते. हा घरचा घडवलेला आर्म आहे, साहेबांना मुंबईचा बसवलाय असं सांगितलं होतं, तो कुठाय? मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजही विसरलेलो नाही. मी खिळ्यांचा डबा आणला.

मिस्त्रीने कागद सोडला, आर्म फिरवून पाहिला. पाठीवरच्या तीन रेघांवर त्याचं बोट थांबलं. मला वाटलं, आता हा विचारेल. भोकात बघेल, आर्म बाजूला ठेवेल.

त्याचा चेहरा खुलला. "अरे, इसपे भी वोईच निशान है," तो म्हणाला. "मतलब चलाके देखे सो माल है। येच लगाव।"

रीत त्यालाही माहीत होती. खूण आहे म्हणजे कुणीतरी जिम्मा घेतलाय. म्हणून त्याने तो निवडला.

मी म्हणालो, "मिस्त्री, घरचा बरा हाय. त्योच राहू द्या."

तो हसला. मालक म्हणाले, "सदा, चूप." उस्ताद बाकावर बसून होते, त्यांचे हात मांडीवर होते. मी एकदा बोललो. दुसऱ्यांदा बोललो नाही. मिस्त्रीने आमच्यासमोर आर्म बदलला, उस्तादांचा आमच्या हातात दिला आणि दुपारी गाडी घेऊन गेला.

पुढे निजाम गेला, मालक गाव सोडून गेले. उस्ताद वारले. दाजी मात्र ऐंशीच्या पुढे जगले आणि लग्नकार्यात चार माणसं जमली की हटकून म्हणायचे, "आमच्या सदानं छिन्नी मारली आन् स्वतःच भ्याला." मी हसायचो. हसण्यासारखीच गोष्ट होती, त्यांच्यापुरती.

मी सगळं तपासून पाहिलंय. झोपेत मारली असेल? पार्सल बंद होतं. मुंबईतही कुणी डावखुरा फिटर असेल, त्याचीही खूण तीन रेघांची असेल? असेल. मग कोपऱ्यांचं काय? टवका उडालेली तशीच दुसरी दांडी जगात असेल? तीही असेल. दोन्ही एकाच पार्सलात? इथे येऊन माझं डोकं थांबतं. तो आर्म पुढे तुटला का, हेही मला ठाऊक नाही. कदाचित वीस वर्षं ठणठणीत चालला असेल.

एकदा कामाने हैदराबादला गेलो तेव्हा दोन दिवस जुन्या मोटारींच्या बाजारात हिंडलो. हिरवी दोन सीटांची गाडी, सेलूहून आलेली, म्हणून विचारत फिरलो. कुणाला माहीत नव्हतं. साहेबांचं पूर्ण नावही मी विचारून घेतलं नव्हतं. त्यांनी माझं विचारलं होतं.

गाडी कधीच भंगारात गेली असेल, हे मला कळतं. तरीही हे सदर हैदराबादकडे कुणी वाचत असेल, आणि घरात कुणा म्हाताऱ्या बाईच्या तोंडून, लहानपणी वडील मला हिरव्या गाडीतून फिरवायचे, असं कधी ऐकलं असेल, तर दोन ओळी लिहून कळवा. ती फिरायला जायची आणि परत यायची, एवढंच मला कळायला हवंय.