बंद केलेली गोळी

ल्युपस मला लग्नाआधीपासून होता. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं असा हा आजार, पण गोळ्यांनी आटोक्यात होता. इंग्लंडात नॉटिंगहॅमला आल्यावर दिवस राहिले आणि पहिल्याच ब्लड टेस्टमध्ये हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हर बिघडवणारा व्हायरस, निघाला. लहानपणापासूनच अंगात असावा, असं डॉक्टर म्हणाल्या. ल्युपसच्या स्टिरॉइडमुळे तो उसळू नये आणि बाळापर्यंत पोचू नये, म्हणून त्यांनी आणखी एक गोळी सुरू केली. सोबतचं माहितीपत्रक वाचून मी इतकी घाबरले, की नवऱ्यालाही न सांगता ती गोळी बंद केली आणि दत्तगुरूंचा जप वाढवला. त्या जपात श्रद्धेपेक्षा भीतीच जास्त होती, हे आज कबूल करते.

तीन आठवड्यांनी क्लिनिकला जाताना बसमध्ये मी पुटपुटत जप करत होते. शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हळूच विचारलं, "मराठी का तुम्ही?" मला रडूच फुटलं. घरात जे लपवलं होतं, ते सगळं मी त्या अनोळखी बाईंना सांगून टाकलं.

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याही अंगात तोच व्हायरस आहे गं. दोन मुलं झाली, दोघंही ठणठणीत. मी इथे मिडवाइफ होते, बाळंतपणं करायचे. जप सोडू नकोस, पण आज डॉक्टरांना खरं सांग."

"रागावतील त्या, मावशी."

"रागावू देत. मी बाहेर बसते."

स्वतःचा स्टॉप सोडून त्या माझ्याबरोबर आल्या. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी रक्त घेतलं आणि गोळी त्याच दिवसापासून पुन्हा सुरू केली. मी बाहेर आले तेव्हा मावशी कोट न काढता खुर्चीतच पेंगत होत्या.

दुसऱ्या दिवशी फोन आला. लिव्हरचे आकडे नुकतेच चढू लागले होते. "वेळेत सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "यापुढे एकटी घाबरू नकोस."

मुलगी झाली. जन्मल्यावर काही तासांतच तिला व्हायरसपासून वाचवणारी दोन इंजेक्शनं दिली. वर्षाने तिचं रक्त तपासलं, त्यात व्हायरस नव्हता. नवऱ्याने तो रिपोर्ट जिन्यातच मला दोनदा वाचून दाखवला.

माझे दोन्ही आजार आहेतच. शरण जाणं म्हणजे सगळं देवावर टाकून गप्प राहणं, असं मी समजत होते. त्या दिवशी मला फक्त खरं बोलायचं होतं, आणि तेवढं बळ मला मिळालं. मावशींना माझ्या शेजारी कोणी बसवलं, हे मी कधी विचारत नाही. मुलगी कुशीत झोपली की हात आपोआप जोडले जातात.