शेत किती?

भाईंदरला शेतीच्या अवजारांचं एक जुनं दुकान आहे. शेठच्या वडिलांच्या वेळी तिथून जवळच्या राई-मुर्धा गावांचे शेतकरी पंप, फवारे न्यायचे. आता शेतांवर बिल्डिंगी झाल्या. तरी शेठ चष्मा कपाळावर ढकलून प्रत्येकाला आधी विचारतात, "शेत किती?" कुंड्या घ्यायला आलेल्या बायका हसतात.

मला खुरपं हवं होतं, पण आपलंही हसं होईल म्हणून मी कितीदा तरी दारातूनच परतले. शेवटी एकदा आत गेले.

"शेत किती?"

"रंगाचा एक डबा," मी हळूच म्हणाले. "मिरची लावलीय."

शेठ हसले नाहीत. "बागायत की जिरायत?"

"तांदूळ धुतलेलं पाणी घालते."

"मग बागायत!" असं म्हणून त्यांनी खुरप्याची मूठ करवतीने कापून आखूड केली, डब्यात फिरेल एवढी.

परवा त्याला धार लावायला गेले, तेव्हा दोघी जणी शेठच्या प्रश्नाला हसत होत्या.

"हसता काय, बेन? या ताई बागायतदार आहेत आमच्या."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. एरवी मी खाली मान घातली असती.

"यंदा पीक बरं आहे," मी म्हणाले.