आईची बोरमाळ आणि गेटवरची सही

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते, आणि खरं सांगते, हसायलाच वाचते. मैत्रिणींना वाचून दाखवून भरपूर टर उडवलीय. शिवाय आमचं घर बौद्ध. भूत, करणी, अंगात येणं... यातला एक शब्द जरी निघाला तरी अप्पा चष्म्यावरून असे बघायचे की पुढचं वाक्य घशातच राहायचं. अप्पा म्हणजे माझे वडील, झेडपी शाळेतले रिटायर्ड मास्तर. मी हे लिहितेय हे त्यांना कळलं तर माझी काही खैर नाही. पण वर्ष होत आलं आणि आता पोटात राहत नाहीये.

मी नागापूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन पार्ट मोजायचे, मापात नसेल तर रिजेक्ट. सासर इथेच नगरमध्ये (नाव बदललं, पण तोंडात नगरच बसलंय). माहेर पारनेर तालुक्यात. तिथे आई-अप्पा, थोरला दादा आणि वहिनी.

आईच्या गळ्यात कायम बोरमाळ असायची. बोराएवढे सोन्याचे मणी, आत लाख भरलेली. लोकांच्या रानात कांदे काढून, एका हंगामाला दोन-चार मणी असं करत तिने ती पुरी केली होती. “ही माज्या सुनंची,” असं ती सगळ्यांदेखत म्हणायची. मी हसायचे, पण आतून वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, ती मला हवी होती.

दोन वर्षांपूर्वी थंडीत आई गेली. सकाळची वेळ, घरात बायकांची ही गर्दी. शेवटची आंघोळ घालताना अंगावरचे दागिने उतरवायचं काम लेक म्हणून माझ्याकडे आलं. मागच्या दोऱ्याची गाठ पाण्याने फुगलेली, काही केल्या सुटेना. कशीबशी बोरमाळ काढली आणि माझ्याच हातरुमालात घट्ट बांधली. डोळ्यांतल्या पाण्याने मला धड दिसत नव्हतं. तेवढ्यात बाजूने एक हात पुढे आला. ओला हात होता. मी वर न बघता पुरचुंडी त्या हातात ठेवली... वहिनीच असणार, दुसरं कोण असा हात पुढे करणार?

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर अप्पांनी बोरमाळेचं विचारलं. पाहुणे अजून बसलेले होते. मी सरळ म्हणाले, “वहिनींकडे दिलीय ना मी.”

वहिनी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. “न्हाई ताई, माज्याकडं न्हाई दिली तुमी.”

“अहो, तुमच्या हातात ठेवलीय मी.”

“तवा मी घरातबी न्हवते. पांढरं लुगडं आनाया दुकानात गेल्ते.”

मी गप्प बसले, पण कशी गप्प बसले ते सगळ्यांना दिसलं. सारं घर पालथं घातलं, मोरीच्या नळीत तार घालून बघितली. काही नाही. वहिनीला कुणी चोर म्हटलं नाही बरं का. फक्त दादाने एकदा ‘सहज’ तिची पेटी उघडून बघितली. दुकानदाराला एका शब्दाने विचारलं असतं तरी उलगडा झाला असता, पण दिवसभर मापं घेणाऱ्या मला तेवढं सुचलं नाही. की सुचवून घ्यायचं नव्हतं, देव जाणे... अप्पा, माफ करा, सवयीने लिहिलं गेलं.

दोन महिन्यांनी वहिनी पिशवी भरून श्रीरामपूरला माहेरी गेली. भांडली नाही, रडली नाही. दादा हट्टी, तो आणायला गेला नाही. आणि मी मनात म्हणाले, बरी निसटली.

आता मूळ गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात माझी डे शिफ्ट होती. दुपारी दोनच्या सुमारास गेटवरून फोन आला. आमच्याकडे सिक्युरिटीला पाथर्डीकडचे एक काका आहेत, तेव्हा नवीनच लागले होते.

“म्याडम, तुमच्या आई येऊन गेल्या. थांबा म्हनलं तर थांबल्या न्हाईत.”

सासूबाई आल्या असतील असं वाटून मी बाहेर गेले. काकांनी एक पुरचुंडी हातात दिली. निळ्या बारीक फुलांचा रुमाल. माझा. गाठही मी मारते तशीच, दोनदा उलटी. आणि रुमाल ओला होता. नगरचं एप्रिलमधलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, तिथे धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते. मी गाठ सोडली. आत आईची बोरमाळ होती.

“काका, त्या काय म्हणाल्या? नीट आठवून सांगा.”

“आत फोन करतो म्हनलं, तर म्हनल्या, नगं, कामात आसल. सुनंची हाय म्हनाव, तिला नेऊन दे.” काका जरा अडखळले. “आन म्हनल्या, तिनंच माज्या हातात ठिवली हुती. वर बगितलंच न्हाई पोरीनं.”

मी तिथल्या खुर्चीत बसले.

कंपनीचा नियम आहे, बाहेरची वस्तू घ्यायची तर आणणाऱ्याची सही हवी. काकांनी रजिस्टर पुढे केलं. आईला लिहिता येत नव्हतं. अप्पांनी पाटीवर गिरवून घेऊन फक्त सही शिकवली होती – मथुरा, एवढंच. ती आधी लांबलचक रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी त्या रेघेला अक्षरं टांगायची. रजिस्टरमध्ये तशीच रेघ होती, दोन्ही बाजूंना उरलेली, आणि खाली तीन अक्षरं.

मी सगळे तर्क लावून बघितले. कुणी तरी चोरली असेल, मन खात असेल, म्हणून आणून दिली असेल... मग सही कुणी केली? आणि मी वर बघितलं नव्हतं हे त्या हाताशिवाय कुणाला माहीत असणार? गेटचा कॅमेरा गाड्यांच्या नंबरप्लेटवर रोखलेला, त्यात काकांची नुसती पाठ दिसते. मग गावी जाऊन दुकानदाराला विचारलं, जे आधीच विचारायला हवं होतं. तो म्हणाला, “व्हय, तुमची वहिनी लई येळ हितंच हुती. रडत हुती, म्या पानी दिलं.”

त्याच आठवड्यात श्रीरामपूरची एसटी धरली. वहिनी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. मी सगळं सांगितलं, तिचे पाय धरायला वाकले. तिने पाय मागे घेतले. मी बोरमाळ मशीनवर ठेवली आणि मोबाईलमधला सहीचा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ बघितला.

“आईंचीच हाय,” ती म्हणाली. मग मोबाईल माझ्या हातात परत दिला. “ताई, मेलेल्या मानसानं सांगितलं ते तुमाला लगीच पटलं. मी जित्ती तुमच्याम्होरं हुबी ऱ्हाऊन सांगत हुते.”

एवढंच बोलून तिने मशीन सुरू केलं. बोरमाळ तिने ठेवून घेतली. गावी ती अजून आलेली नाही. दादा दोनदा जाऊन आला, तिने त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं.

गेटवर कोण आलं होतं ते मला आजही माहीत नाही. अप्पांना सही दाखवायची हिंमत झालेली नाही. तुम्ही लोक खाली कॉमेंटमध्ये आत्मा, भास, योगायोग काय ते लिहालच, लिहा. पण वहिनीला मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते कुणाला सुचलं तर तेवढं मला कळवा.