ताटात धुतलेले हात

मी तान्हा असतानाच आई मला घेऊन, माझ्या बापाचं घर सोडून बीडला मामाकडं आली. बापाला मी कधी पाहिलंच नाही. मामाच्या घरात कुणी आवाज चढवत नसे. रक्तबिक्त सगळं झूट, माणूस घडतो तो संगतीनं, असं मी तावातावानं सांगायचो.

परवा जेवताना बायकोशी वाजलं. मी अर्ध्या भाकरीवर तांब्यातलं पाणी ओतलं आणि ताटातच हात धुतले. समोर बसलेली आई ताडकन उठली आणि माझ्या लेकीला पाठीशी घेऊन भिंतीला टेकली.

“काय झालं गं आई?”

“तुझा बाप मारायच्या आधी असाच हात धुयाचा. तुला कुनी शिकवलं?”

कुणीच नाही. मी मारणार नव्हतो, शपथ सांगतो. घाबरून खाली बघितलं, तर ओल्या हाताची मूठ वळलेली होती.