पोमाला न सांगितलेली गोष्ट

अब्राफी चौदा वर्षं दर शनिवारी मयताला जात होती. रडायला नव्हे, फोटो काढायला. कुमासी शहरात शनिवारी चार मांडव तरी पडलेलेच असतात. काळ्या-तांबड्या कापडांतले पाहुणे खुर्च्यांवर टेकले की त्यांना टिपायचं, धावत जाऊन फोटो छापून आणायचे आणि जेवणं उरकायच्या आत मांडवाच्या तोंडाशी ताडपत्रीवर मांडायचे. लोक वाकून आपापला चेहरा शोधतात. आवडला तर विकत घेतात, नाही तर "यात मी म्हातारी दिसते गं" म्हणून पुढे होतात. उरलेले फोटो अब्राफीच्या पदरात.

या धंद्यात तिचं नाव होतं. तिचा हात हलायचा नाही, आणि कोणाला कुठल्या बाजूने बसवलं की तो उजळतो, हे तिला एका नजरेत कळायचं. बंटामातल्या मास्टर बादूंच्या स्टुडिओत ती सतराव्या वर्षी झाडू मारायला लागली आणि मारता मारताच शिकली. त्याच वर्षी सुट्टीतले तीन महिने आणखी एक मुलगी तिथे शिकायला यायची. तिचं नाव पोमा. तिचा बाप ट्रकचे सुटे भाग परदेशातून आणायचा, सुआमेत त्याची चार गोदामं होती. पोमाला गाडी सोडायला यायची आणि गाडीच न्यायला यायची. तरी मास्टरांनी भिंतीवर फोटो लावला तो पोमाने काढलेला. अब्राफीला ते म्हणाले, "तुझा हात चांगला आहे, पोरी." बस्स, एवढंच. ते वाक्य तिने शिळ्या भाकरीसारखं वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

पोमा पुढे जोहान्सबर्गला शिकून आली. बापाने तिला अडुममध्ये काचेच्या दाराचा स्टुडिओ काढून दिला. त्याच्या उद्घाटनाची बातमी रेडिओवर लागली तेव्हा अब्राफी छपाईच्या दुकानात रांगेत उभी होती.

"ऐकलंस का?" शेजारचा फोटोग्राफर क्वेकू म्हणाला. "तुझी मैत्रीण मोठी झाली."

"मोठी व्हायला काय लागतं?" अब्राफी म्हणाली. "बाप लागतो. मला तसला बाप दे, मग बघ माझे फोटो."

रांगेतले सगळे हसले. अब्राफीला त्या हसण्याने फार बरं वाटलं. तिने मग ते वाक्य बऱ्याच ठिकाणी वापरलं.

पुढे कळलं की पोमा मयतांना यायला लागली आहे. तिला विकायचं नव्हतं काही, नुसतीच येऊन बसायची. सकाळी म्हाताऱ्या बायकांच्या ओळीत एक खुर्ची घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच. दिवसभरात दहा फोटोही काढायची नाही. अब्राफी म्हणायची, "रिकामपणाची कामं. पोट भरलेलं असलं की मयतसुद्धा सहल वाटते माणसाला."

वर्षभराने संस्कृती भवनात पोमाच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. अब्राफी मुद्दाम आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना गेली. खोट काढायलाच गेली होती, आणि पहिल्या दोन भिंतींवर तिला ती सापडलीही. एका फोटोत उजेड जास्त झाला होता, दुसऱ्यात कडेचा माणूस अर्धा कापला गेला होता. हे आपल्या हातून झालं असतं तर मास्टरांनी कानाखाली वाजवली असती, असं मनात म्हणत ती तिसऱ्या भिंतीशी आली आणि तिथे तिचे पाय थांबले.

फोटोत एक विधवा होती. पहिल्या रांगेत ताठ बसलेली, चेहरा दगडासारखा. समोर पाहुण्यांची रीघ, एकेक जण वाकून हात हातात घेतोय. आणि खाली, खुर्चीच्या आड, तिने एक चप्पल काढून टाकली होती. तो उघडा पाय दुसऱ्या पावलावर ठेवून ती हळूच दाबत होती, जसं एखादी आई दमलेल्या लेकराला थोपटते. सगळं दुःख त्या पायांत उतरलं होतं.

अब्राफीने बाईला ओळखलं. तीही त्या मयताला होती. याच बाईचा फोटो तिने काढला होता, विकलाही होता. मान जराशी डावीकडे, पाठीमागे फुलं, सगळं बिनचूक. दहा हातांवर उभी होती ती. पाय तिला दिसला नव्हता. दिसणार कधी? बाईने चप्पल काढली तेव्हा अब्राफी छपाईच्या दुकानाकडे धावत असणार.

आजवर तिचा मत्सर मऊ गादीवर निजलेला होता. पोमाकडे पैसा आहे, आपल्याकडे नजर आहे, ही ती गादी. आता ती कोणीतरी ओढून घेतली. पोमाकडे नजर होती. आणि पैशानेही तिला कॅमेरा किंवा काचेचं दार दिलं एवढंच नव्हतं. खुर्चीवर दिवसभर बसून राहायची मुभा दिली होती. अब्राफीला कशाचा राग करावा तेच कळेना. म्हणून ती दोन्हींचा करू लागली.

अशातच अक्राहून लार्तेबाई आल्या. मयताच्या चालीरीतींवर त्या फोटोंचं एक पुस्तक काढणार होत्या. कोणीतरी मास्टरांच्या स्टुडिओचा पत्ता दिला म्हणून थेट तिथे. मास्टर आता थकले होते, स्टुडिओ अब्राफीच सांभाळायची.

"पोमा नावाची मुलगी इथेच शिकली ना?" लार्तेबाईंनी विचारलं. "ती कुठे भेटेल?"

"पोमा?" अब्राफी म्हणाली. "तिने मयताचे फोटो सोडले. आता लग्नांचे काढते." शब्द इतके सहज आले की ती स्वतःच चपापली. मग तिने आपले फोटो पुढे केले. लार्तेबाईंनी सगळे नीट पाहिले, एक ठेवून घेतला, आभार मानले आणि गेल्या.

पण अडुम काही समुद्रापार नव्हतं. पुस्तक निघालं तेव्हा त्यात पोमाचे एकवीस फोटो होते आणि अब्राफीचा एक.

पुढच्या शनिवारी पोमा सरळ तिच्या ताडपत्रीपाशी आली आणि उकिडवी बसली.

"लार्तेबाई म्हणत होत्या, मी मयतं सोडली."

अब्राफी फोटो मांडत राहिली. "मीच सांगितलं."

"का गं?"

"तुला दुसरं काम मिळेल. मला मिळणार नाही."

पोमाने मान हलवली. रागावली नव्हती, हे अब्राफीला जास्त लागलं. "निदान तू खरं बोलतेस," पोमा म्हणाली. "बाकी कोणी बोलत नाही. मास्टरांनी माझा फोटो भिंतीवर का लावला, ठाऊक आहे? त्यांचं छप्पर गळत होतं. बाबांनी नवे पत्रे घालून दिले, आणि दुसऱ्या दिवशी माझा फोटो वर. तेव्हापासून कोणी वाहवा केली की मी आधी बघते, बाबांचं याच्याशी काही देणंघेणं आहे का. मला येतं की नाही, हेच मला माहीत नाही, अब्राफी. तू सांग. तू सांगशील ते मी मानेन."

त्या विधवेचा पाय अब्राफीच्या डोळ्यांसमोर आला. एकच वाक्य होतं. ते ओठांपर्यंत आलंही.

"मला काय कळतं?" ती म्हणाली. "मी पोटासाठी काढते. सरक जरा, गिऱ्हाइकाला दिसत नाही."

पोमा उठून गेली. त्या दिवशी अब्राफीचे जवळजवळ सगळे फोटो खपले, आणि घरी जाताना ती गुणगुणत होती.

नाताळच्या आधी अडुमच्या काचेच्या दाराला कुलूप लागलं. पोमा बापाच्या गोदामात बसायला लागली. क्वेकूने बातमी आणली: "बघ, बापाचा पैसाही पुरला नाही." सगळे हसले. अब्राफीही हसली, पण या वेळी बरं वाटलं नाही. म्हाताऱ्या बायकांच्या ओळीकडे तिचा डोळा उगाच जाई. जिच्यावर जळायचं तीच तिथे नव्हती. मग आपले फोटो कोणाच्या फोटोंशी ताडून बघायचे?

एका दुपारी तिने मास्टरांना विचारलं, "पोमाचा फोटो पत्र्यांसाठी लावलात का?"

मास्टर चष्मा पुसू लागले. "पत्र्यांसाठीच लावला," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं उतरवला नाही, तो चांगला होता म्हणून. आणि तुझा हात चांगला म्हणालो तेव्हा मला कोणी पत्रे दिले नव्हते. दोन्ही खरं आहे. आता चहा ठेव."

दुसऱ्या दिवशी ती सुआमेला गेली. पोमा गोदामात इंजिनांच्या ढिगाऱ्यामागे बसली होती. पोमाने बसायला पेटी पुढे केली, ती नाकारून अब्राफी उभ्यानेच बोलली.

"त्या विधवेच्या मयताला मीही होते. तुझ्यापेक्षा जवळ. तिचा पाय मला दिसला नाही, तुला दिसला. तुझ्या बापाने तुला बसायला दिवस दिला, पण दिवसभर बसलेल्या शंभर बायकांना तो पाय दिसला नव्हता. तुला येतं. मला तेव्हाच माहीत होतं."

पोमा म्हणाली, "आणि हे तू आत्ता सांगतेस."

"हो. तेव्हा सांगवलं नाही."

"दार बंद करायच्या आधी सांगितलं असतंस तर?"

पोमाने बसायला पुन्हा सांगितलं नाही. अब्राफी निघाली.

अडुमचं दार काही उघडलं नाही. पण ईस्टरनंतर पोमा पुन्हा म्हाताऱ्या बायकांच्या ओळीत दिसू लागली, कॅमेरा एकच, येणं-जाणं त्रोत्रोच्या भाड्याच्या गाडीतून. अब्राफीशी ती कामापुरतं बोलायची, तेही कधीतरी. पावसाळ्यात तिचा एक फोटो नैरोबीतल्या प्रदर्शनात लागल्याचं कळलं.

त्या संध्याकाळी अब्राफी आईच्या टपरीवर बसली होती. आई केळ्याचे तिखट काप तळत होती.

"तूच जाऊन सांगितलंस ना तिला," आई म्हणाली. "मग आता मन शांत झालं असेल तुझं."

"नाही," अब्राफी म्हणाली. "जास्त जळतंय."

आईने गरम कापांची पुडी बांधून तिच्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.