मॉडेम बिघडला नव्हता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. एकाच माणसाला सगळं ठाऊक होतं, माझ्या सासूबाईंना, पण त्यांची वाचा गेलेली होती. आता त्याही नाहीत. म्हणजे आज हे फक्त मला माहीत आहे. आणि आता तुम्हाला कळेल.

कुठून सुरुवात करू? किती वेळा मनातल्या मनात सुरुवात केली आहे, आणि दर वेळी मी स्वतःच्या बाजूने काहीतरी आधी सांगून टाकते — माझी नोकरी, माझी नऊ वर्षं. आज तसं करायचं नाही. वैजूपासून सुरुवात करते.

वैजू म्हणजे वैजयंती, माझी नणंद. अठ्ठ्याण्णव साली ती सव्वीस वर्षांची होती. आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवर, पहिल्या मजल्यावर राहायचो. हे, मी, वैजू आणि सासूबाई. आम्हाला मूलबाळ नाही. हे जवळच्याच एका रंगाच्या कारखान्यात शिफ्टला जायचे. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वैजू रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पहिल्या वर्गात. पण झटका आला तेव्हापासून ती आईचं सगळं करत होती. भरवणं, पुसून घेणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. आणि आम्ही लोकांना काय सांगायचो? वैजू सध्या घरीच असते.

मी शाळेत जायचे. लग्नानंतर सोडलेली नोकरी नऊ वर्षांनी परत मिळाली होती, आणि येत्या जूनमध्ये मी कायम होणार होते. पाहिलंत, आलंच शेवटी. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

वैजूने कॅनडातल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज केला होता. तिथल्या प्राध्यापकांनी कळवलं होतं, निर्णय एप्रिलमध्ये होईल, आणि तो ई-मेलने येईल. तेव्हा आमच्या इमारतीत कुणाकडे इंटरनेट नव्हतं. घरी ते आलं मिलिंदमुळे.

मिलिंद आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. कल्याणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. वैजूपेक्षा तीन वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायचा. त्याने सुटे भाग जमवून तिला कॉम्प्युटर जोडून दिला, आणि त्याच्या घरी फोन नव्हता म्हणून पडून असलेला आपला मॉडेम आणून लावला. राखाडी डबी, पुढे लाल दिवे. नंबर फिरवला की आधी शीळ घालायचा, मग घसा खरवडल्यासारखा आवाज करायचा. तो आवाज ऐकून सासूबाई अर्ध्या तोंडाने हसायच्या. त्या हसाव्यात म्हणून वैजू कधीकधी उगाचच जोडणी लावायची.

मिलिंदचं घर बौद्ध. बुद्धपौर्णिमेला त्याची आई आमच्याकडे वाटीभर खीर पाठवायची. वैजू खायची, मी खायचे. हे खायचे नाहीत. वाटी धुऊन परत जायची.

मार्चमध्ये एकदा जेवताना हे म्हणाले, "वैजू गेली की आईजवळ तू असशीलच." बस, एवढंच. विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. पान वाढलंय तसं वाढून ठेवलं होतं. मी आमटी वाढत राहिले. तेव्हाच का नाही बोलले? "मी नोकरी सोडणार नाही," एवढं एक वाक्य. यांनी मला मारलं नसतं, हाकललं नसतं. फार तर चार दिवस अबोला धरला असता. पण मी बोलले नाही, आणि पुढचं सगळं त्या न बोलण्यातून आलं.

काही दिवसांनी फोनवर खरखर सुरू झाली. बोलणं ऐकू यायचं, पण मॉडेम जोडला की मिनिटभरात तुटायचा. एका सुट्टीच्या दिवशी वैजू भाजीला गेली होती. मी सासूबाईंचा पलंग हातभर पुढे ओढून मागची जळमटं काढत होते. तिथे भिंतीवर फोनची छोटी पांढरी पेटी होती, जिथे बाहेरून आलेली तार घरातल्या तारेला जोडतात. तिचं झाकण निसटलं होतं. आत दोन स्क्रू, आणि त्यातला एक सैल. मी शिलाई मशीनचा छोटा पेचकस आणला, स्क्रू आवळला, रिसीव्हर कानाला लावला. आवाज स्वच्छ.

मला आनंद झाला होता, हे खरं सांगते. वैजू आली की तिला सांगायचं, बघ, तुझ्या वहिनीने दुरुस्त केलं.

मग मी तशीच पेटीपाशी बसून राहिले — किती वेळ, आठवत नाही — आणि पेचकस उलटा फिरवला. अर्धाच फेरा. पूर्ण सोडला असता तर फोनच बंद पडला असता आणि लगेच तक्रार गेली असती. अर्ध्या फेऱ्यात बोलणं चालू राहतं, मॉडेम टिकत नाही. हे मला कसं माहीत? मिलिंदनेच सांगितलं होतं. "माणूस खरखरीतूनही शब्द ओळखतो, वहिनी. मॉडेमला ते जमत नाही."

झाकण लावून मान वर केली तर सासूबाई टक्क जाग्या होत्या. बघत होत्या. मी पलंग मागे ढकलला. त्यांच्यासकट.

त्यानंतरचे दिवस — ते कसे सांगू? वैजू रोज दुपारी कॉम्प्युटरसमोर बसायची. मिलिंद क्लासवरून आला की वर न जाता आधी आमच्याकडे यायचा. त्याने मॉडेमची तार बदलली. फोन काढून नुसता मॉडेम लावून पाहिला. सगळी सेटिंगं पुसून पुन्हा भरली. क्लासमधला दुसरा मॉडेम आणून लावला, तोही टिकेना. तो जमिनीवर मांडी घालून बसायचा, वहीत काय केलं ते लिहून ठेवायचा, आणि मी त्याला चहा द्यायचे. त्यात आलं घालायला मी एकदा तरी विसरले का? नाही. तेच मला आज जास्त भिववतं.

वैजूने तक्रार केली, तेव्हा लाईनमन आला. कोपर गावातला, वयस्कर. त्याने खांबावर चढून तपासलं आणि दारात येऊन म्हणाला, "लायन खांबापावत साफ हाय. जा काय हाय तां तुमचे घरान हाय. पेटी कुठं हाय?"

मी म्हटलं, पेटी पलंगामागे आहे, पेशंट आत्ताच झोपलाय, हलवता येणार नाही. तो बिचारा चपला न काढताच परत गेला.

पण मिलिंदने ते ऐकलं होतं. तो म्हणाला, रविवारी सगळे घरी असतील, पलंग सरकवून पेटी बघू. रविवारी सकाळी वैजू आंघोळीला गेली तेव्हा मी स्क्रू आवळून ठेवला. मिलिंद आला, पेटी उघडली, सगळं नीट. मॉडेम लावला, लागलीच जोडणी झाली. वैजूने मेल पाहिली. कॅनडाचं काही आलं नव्हतं. पण जोडणी टिकतेय म्हणून ती इतकी खूश झाली की मिलिंदला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सोमवारी मी पुन्हा अर्धा फेरा फिरवला.

इथे मी थांबू शकले असते. रविवारनंतर थांबले असते तर कुणाचंच काही गेलं नसतं. का नाही थांबले? मला नेमकी तारीख माहीत नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले. पण महिना तर माहीत होता.

यांनी त्या आठवड्यात हिशेब जुळवला. रविवारी त्याने हात लावला आणि चाललं, तो गेला आणि पुन्हा बंद पडलं — म्हणजे काय? बुधवारी मिलिंद नेहमीसारखा आला, तेव्हा हे घरी होते. वैजू आईला भरवत होती. यांनी मॉडेम उपटला, तारेसकट त्याच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, "तूच बिघडवून ठेवतोस, यायला मिळावं म्हणून. आम्हाला कळत नाही असं वाटतं तुला?"

मिलिंदला आधी समजलंच नाही. तो म्हणाला, "दादा, ताईंचं पत्र यायचंय, मी कशाला —"

"ताई म्हणू नकोस. तुमच्या लोकांना घरात घेतलं हीच चूक झाली."

वैजू उठली. "दादा, काय बोलतोयस तू हे," म्हणाली, रडायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. घरात तेवढी एकच व्यक्ती त्याच्या बाजूने बोलू शकेल असं त्याला वाटलं असणार. मी त्याला रोज चहा देत होते ना.

तेवढ्यात सासूबाई आवाज करायला लागल्या. घशातून, मोठ्याने. डावा हात उचलून त्या मागे भिंतीकडे दाखवत होत्या. पुन्हा पुन्हा. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले आणि म्हटलं, "आईंना पाणी हवंय."

पेला भरून मी त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी तोंड फिरवलं. मी पुन्हा लावला. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, ते मी पदराने टिपलं. तोवर मिलिंद निघून गेला होता.

मी इतकी वर्षं समजत होते की माझा गुन्हा तो स्क्रू. नाही. स्क्रू तर होताच. पण तो पेला — तो मी कशाच्या भीतीने धरला नव्हता. तो मी विचार करून धरला होता.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रू घट्ट आवळला. आता सैल ठेवायची गरज नव्हती.

एप्रिल संपत आला तशी वैजू म्हणाली, "वहिनी, शनिवारी लवकर येशील का? ठाण्याला मैत्रिणीकडे मॉडेम आहे, मेल बघून येते." शनिवारची शाळा बाराला सुटते. मी पाच वाजेपर्यंत टीचर्स रूममध्ये तपासलेले पेपर पुन्हा तपासत बसले. यांची दुसरी शिफ्ट होती, आईंना एकटं सोडून वैजू जाणं शक्यच नव्हतं. मी आले तेव्हा ती साडी नेसून तयार बसली होती. रागावली नाही. म्हणाली, "राहू दे, पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारच्या आधी कागदी पत्र आलं. पोस्टमनच्या हातून मीच घेतलं. वैजूने ते उभ्यानेच वाचलं. तिची निवड झाली होती. मेल एप्रिलच्या मध्यावर पाठवली होती, आठवड्याभरात होकार मागितला होता. होकार आला नाही म्हणून जागा दुसऱ्याला दिली आहे, खेद वाटतो, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा. तिने पत्र घडी करून पाकिटात ठेवलं, आणि वेळ झाली होती म्हणून आईची कूस बदलायला गेली.

"पुढच्या वर्षी पुन्हा भर," असं तिला मीच म्हणाले.

तिने भरला नाही. जूनमध्ये मी कायम झाले, तेव्हा पेढे वैजूने आणले. पुढच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या माझ्या हातून औषध घेत, पाणी मात्र कधीच नाही. वैजूला वाटायचं, वहिनीला भरवायला जमत नाही. आज ती एका ज्युनियर कॉलेजात शिकवते. सगळे म्हणतात, आम्हा दोघींचं बहिणींसारखं आहे. खरंच आहे. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने रजा काढून माझं केलं.

मिलिंदच्या घरच्यांनी सहा महिन्यांत जागा सोडली. पुढे नव्व्याण्णव साल संपता संपता तो मला कल्याणला लाल चौकीपाशी भेटला. मी रिक्षा शोधत होते, त्यानेच हाक मारली. आधी सासूबाईंची चौकशी केली. गेल्या, म्हटलं. मग तो म्हणाला,

"वहिनी, तो मॉडेम मी नंतर तीनदा उघडून पाहिला. मला अजून सापडलं नाही. पण माझ्याच जोडणीत काहीतरी राहून गेलं असणार. ताईंचं माझ्यामुळे गेलं. त्यांना सांगाल का, मी मुद्दाम नव्हतं केलं?"

रस्त्यावर गर्दी होती, पण आमच्यापाशी थांबून कुणी ऐकत नव्हतं. हे नव्हते, वैजू नव्हती. नोकरी कायम झालेली होती. सासूबाई गेलेल्या होत्या. सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं?

मी म्हटलं, "जाऊ दे रे. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही."

त्याचा चेहरा मोकळा झाला. त्याने मला रिक्षा थांबवून दिली, पिशवी आत ठेवली. मी त्याला माफ केलं होतं. मी, त्याला. रिक्षा वळेपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि मी त्याला हात हलवला.